चिंधू मिस्त्री आणि राखेची रेघ

गुरुवार उजाडला की दिघाशी गावात चिंधू मिस्त्रीच्या ओटीवर पाय ठेवायला जागा उरत नसे. कामावरची माणसं शिफ्ट बदलून घेत, बायका चुली लवकर आटपत, खारबावहून पाहुणे खास रिक्षा करून येत. कशाला? तर एक जिवंत माणूस पाच पावलांत मरतो कसा आणि परत जिवंत होतो कसा, ते बघायला.

ओटीच्या मधोमध चिंधूची खाट. खाटेभोवती राखेची जाड रेघ. रेघेपलीकडे स्टुलावर नाडीबाबा बसलेले: भगवी लुंगी, कपाळभर कुंकू आणि मनगटावर पावलं मोजणारं महागडं घड्याळ.

"ऊठ बेटा," बाबा गरजले. "कवच काखेत घट्ट धर. कवच छूटा तो जान गयी. मग हम जिम्मेदार नहीं!"

लाल फडक्यात बांधलेलं मंतरलेलं लिंबू चिंधूने डाव्या काखेत धरलं, जिवाच्या आकांताने दाबलं आणि तो उठला. एक, दोन, तीन, चार. पाचव्या पावलाला अंगठा रेघेला टेकला.

"थांब! काशी, बघ नवऱ्याची नाडी."

काशीने नवऱ्याचं डावं मनगट धरलं. बोटं इकडे फिरवली, तिकडे फिरवली. तिचा चेहरा उतरला. "न्हाय लागत. बाबा, ठोकाच न्हाय!"

बायकांनी तोंडाला पदर लावले. चिंधूला खाटेवर आडवं केलं गेलं. बाबांनी मोरपीस फिरवलं, "हात सैल सोड" म्हणाले, आणि मिनिटभरात नाडी हजर.

"डॉक्टरने इसके दिल में लोहा डाला," बाबांनी लोकांना समजावलं. "लोहा चलने से हिलता है. रेघेच्या आत हा शंभर वर्षं जगेल. रेघेबाहेर, खलास!"

शंभर वर्षं खाटेवर पडून करायचं काय, हे कुणीच विचारलं नाही. चिंधूला मात्र तो प्रश्न रोज पडत होता.

अडीच महिन्यांपूर्वी भिवंडीच्या कारखान्यात कापड विणायचा लूम दुरुस्त करताना तो छाती धरून खाली बसला होता. दवाखान्यात त्याच्या काळजाची तुंबलेली नळी उघडून आत बारीक जाळी बसवली. घरी सोडताना हातात कागद दिला: रोज चाला, आठवड्यातून दोनदा व्यायामवर्गाला या. चिंधू पहिल्याच दिवशी पिठाच्या गिरणीपर्यंत चालला आणि त्याचं काळीज असं धडधडलं की तो घामाघूम होऊन दगडावर बसला. जाळी निसटली, असंच त्याला वाटलं. शेकडो लूम उघडून बघितलेला माणूस, पण हे यंत्र उघडून बघता येत नव्हतं. त्याने ही गोष्ट कुणाला सांगितली नाही आणि चालणं बंद केलं.

मग बाबा आले. त्यांनी त्याचा हात हातात घेतला आणि विचारलं, "डर लगता है, बेटा?" इतक्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं. बावन्न वर्षांचा चिंधू ढसाढसा रडला. त्याच दिवशी रेघ पडली.

संडासापर्यंत बाबांनी राखेचीच एक चिंचोळी गल्ली आखून दिली होती, कारण पोटापुढे चमत्काराचंही चालत नाही. बाकी सगळा दिवस खाटेवर. बाबांनी दवाखान्याच्या गोळ्याही बंद करायला सांगितल्या होत्या. त्या तेवढ्या काशी गुपचूप देत असे. महिन्याभरात चिंधूच्या पोटऱ्या सुकल्या. उठून बसलं तरी धाप लागायची, आणि धाप लागली की बाबांचं म्हणणं जास्तच खरं वाटायचं. समोरच्या रस्त्याने माणसं जात, तो त्यांचे पाय बघत राही. आपण मरणार ते रेघेबाहेर नव्हे, इथेच, या खाटेवर, असं त्याला आताशा वाटू लागलं होतं. तरी पाय उचलायची छाती होत नव्हती.

दवाखान्याच्या व्यायामवर्गातून रुचिरा मॅडमचे तीन फोन आले, चिंधूने उचलले नाहीत. चौथा काशीने उचलला आणि हुंदके देत सगळं सांगून टाकलं.

पुढच्या गुरुवारी गर्दीतून वाट काढत रुचिरा आली आणि रेघेशेजारी जमिनीवर बसली.

"काका, मीपण नाडी बघू?"

"देखो, देखो! डॉक्टरीण भी आ गयी!" बाबा खूश झाले.

पुन्हा कवच, पुन्हा पाच पावलं. रुचिराने डावं मनगट धरलं आणि मान हलवली. "खरंच लागत नाही."

गर्दीतून चित्कार उठला. बाबांनी मिशीवर बोट फिरवलं. पण बाई हात सोडीना. तिने दुसऱ्या हाताने चिंधूचं उजवं मनगट धरलं आणि काशीला जवळ बोलावलं. "मावशी, इथे बघा."

काशीने बोटं टेकवली. "अवो... हितं लागतंय की! चांगलं टणाटणा लागतंय!"

"काका, मिस्त्री तुम्ही आहात," रुचिरा म्हणाली. "एक बाजू चालू, एक बंद. बिघाड कुठे?"

चिंधूच्या तोंडून सवयीनेच उत्तर आलं. "मोटर बंद पडली तं समदंच थांबंल. एकच बाजू थांबली, म्हंजी मोटर चांगली हाय. पट्टा आडकलाय कुठंतरी."

त्याने आपल्या डाव्या काखेकडे पाहिलं. हळूच दंड सैल सोडला.

"आली," रुचिरा म्हणाली.

त्याने पुन्हा दाबलं.

"गेली."

सैल सोडलं. "आली."

चिंधूने लाल फडकं दातांनी सोडलं. आतून निघाला हळद माखलेला पोरांचा रबरी चेंडू! हाताला रक्त नेणारी मोठी नस काखेतून जाते, ती आवळली की मनगटातला ठोका थांबतो, काळजाला त्याचा पत्ताही नसतो. जितकी भीती जास्त, तितकं माणूस जास्त दाबणार. महिनाभर चिंधू आपली नाडी आपल्याच हाताने बंद करत आला होता.

"आन इकडं," ऐंशीच्या गोदूबाईने चेंडू हिसकावून काखेत घातला आणि मनगट शेजारणीपुढे केलं. शेजारीण किंचाळली. गोदूबाई म्हणाली, "म्हंजी मी पन मेली? आरं, सकाली दोन हंडं पानी आनलंय मी!"

सगळी ओटी खदखदली. मग चेंडू हातोहात फिरला आणि निम्मं गाव मरून जिवंत झालं. "कलियुग! घोर कलियुग!" म्हणत बाबा जे निघाले, ते थेट हमरस्त्यापर्यंत. त्या दिवशी त्यांच्या घड्याळात पुष्कळ पावलं पडली असणार.

काशीने झाडू घेतला आणि राख झाडून काढली. माणसं पांगली. चिंधू मात्र खाटेवरच बसून होता.

"काका, चला."

"रेघ गेली, मॅडम, पन पाय उचलत न्हाय." तो पोटऱ्या चोळत म्हणाला. "गिरणीपाशी धडधडलं, तवा काखेत चेंडू कुठं व्हता?"

रुचिरा खाटेशेजारी बसली. "हे आम्ही आधीच विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "आम्ही कागद दिला आणि मोकळे झालो. तुमची भीती त्या भामट्याने विचारली, आम्ही नाही. आमचं चुकलं."

तिने रक्तदाब तपासला, मग समजावून सांगितलं. चालताना काळीज जोरात चालतं, ते त्याचं काम. चालता चालता बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करायचा. छातीत दाबल्यासारखं झालं तर थांबायचं, बसायचं, दवाखान्याने त्यासाठी दिलेली गोळी जिभेखाली ठेवायची आणि सरळ दवाखाना गाठायचा. आज फक्त अंगणाच्या फाटकापर्यंत. मावशी बरोबर. चाललं की कॅलेंडरवर खूण, आणि सोमवारी तिचा फोन.

"टाळाटाळ कुठल्या वारी होईल?" तिने विचारलं.

"गुरुवारी. लोक येतील, मंग लाज वाटंल."

"मग त्यांनाच बरोबर घ्या."

चिंधू उठला. जिथे रेघ होती तिथे त्याचा पाय आपोआप अडला. काशीने हात धरला. त्याने डोळे मिटून पाऊल पुढे टाकलं, उघडले तेव्हा तो अंगणात उन्हात उभा होता आणि काशी रडत होती. फाटकापर्यंत जाऊन तो परत आला. दुसऱ्या दिवशीही तेवढंच. तिसऱ्या दिवशी भीती वाटली म्हणून गेला नाही, चौथ्या दिवशी पुन्हा गेला.

सहाव्या गुरुवारी चिंधू गिरणीपर्यंत पोचला, मागे गोदूबाईसह दहा-बारा माणसं. काळीज धडधडत होतं. त्याने दोन्ही मनगटं काशीपुढे केली. "दोनी बघ."

"दोनी चालू हायत," काशी म्हणाली.

तेव्हा मंडळी, कुणी चमत्कार दाखवायला एक मनगट पुढे केलं, तर दुसरंही मागून घ्या आणि बघा. आणि तुमच्या घरात कुणी भीतीने खाटेला खिळलं असेल, तर बाबा येऊन विचारायच्या आधी तुम्ही विचारा, कशाची भीती वाटते? मग डॉक्टरांना विचारून त्याचा हात धरा आणि फाटकापर्यंत त्याच्याबरोबर चाला.