झिजलेले बटण

मित्रांनो, परदेशातल्या क्लोनडॉकिन गावी एका स्वयंपाकघराच्या खणात, तुटक्या चाव्या आणि सुतळीच्या गुंडीच्या सोबतीला, मी, टीव्हीला जोडलेल्या डब्याचा एक जुना रिमोट, पडून आहे. माझी सगळी बटणे ठळक आहेत. फक्त आवाजाची भाषा बदलणाऱ्या बटणावरची अक्षरे झिजून गेली. त्या झिजण्याची ही हकिकत.

मला भावना कळतात असा माझा दावा नाही. बटण दाबले की अदृश्य किरण सोडायचा, एवढेच माझे काम. घरातली अनुया आणि तिचा नवरा रुपेश नोकरीवर, त्यांची लेक सानिका शाळेत. दिवसभर मी निवांत असे. मग कऱ्हाडहून अनुयाचे वडील, बाळासाहेब, राहायला आले. आयुष्यभर कबड्डीचे पंच. इथे मात्र दिवसभर बोलायला कोणी नव्हते.

शेजारी राहणाऱ्या एका नर्सचे वडील रामोन मेक्सिकोहून आलेले. त्यांचीही तीच गत. लेक रात्रपाळी करून झोपलेली, म्हणून घरात टीव्ही बंद. रविवारी संध्याकाळी ते लिंबू पिळलेले शेंगदाणे घेऊन आमच्याकडे येत. बाळासाहेब मला उचलून ते बटण दाबत आणि अमेरिकन फुटबॉलचे समालोचन इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये जाई. रामोन उभे राहून हातवारे करत. बाळासाहेब मांडीवर थाप मारून ओरडत, "अरे, कंबर धर! पाय सोडू नकोस!"

"आजोबा, यू डोन्ट इव्हन नो स्पॅनिश!" सानिका हसे.

"तुमचं इंग्रजी कळलं नाही की लाज वाटते गं. हे कळलं नाही तर कोण हसणार आहे? आणि पकड ती पकडच!"

"पकड!" रामोन मान डोलावत. हा शब्द त्यांना येऊ लागला होता.

अनुयाला मात्र दुसरेच दिसले. "बाबा न कळणारं काहीतरी बघत बसतात रे," ती रुपेशला म्हणाली. दिवाळीला तिने टीव्हीला जोडायचा, सगळ्या मराठी वाहिन्यांचा नवा डबा घेतला. जुना डबा भंगारात गेला, मी खणात.

"बाबा, आता अख्खं आपलं! आवडलं ना?"

"झकास!" ते म्हणाले. लेकीने हौसेने आणलेल्या वस्तूला नाव ठेवणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

रविवारी रामोन आले. पडद्यावर सासू सुनेला बोलत होती. बाळासाहेबांनी मला खणातून काढले, ते बटण दाबले, पुन्हा दाबले. मी किरण अचूक सोडला. घेणारे कोणी नव्हते. रामोन थोडा वेळ अदबीने मालिका पाहत बसले. मग शेंगदाणे तिथेच ठेवून, बाळासाहेबांच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेले. ते पुन्हा आले नाहीत.

वसंतात बाळासाहेब कऱ्हाडला परतले. पुढे एकदा ती नर्स, वडिलांना मेक्सिकोच्या विमानात बसवून आल्यावर, आमच्या स्वयंपाकघरात चहा घेत म्हणाली, "डॅडना वाटलं, तुझे बाबा त्यांना कंटाळले. म्हणून त्यांनी खेळ लावणं बंद केलं. इथे त्यांना दुसरा मित्र नव्हता."

अनुयाने त्याच दिवशी फोन लावला. "बाबा, तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू हौसेनं आणलंस. नको कसं म्हणू?" मग त्यांनी विचारले, "रामोन बरे आहेत ना गं?"

फोन ठेवल्यावर अनुयाने मला बाहेर काढले आणि झिजल्या बटणावरून अंगठा फिरवला.

मित्रांनो, किरण सुटला म्हणजे तो पोहोचला, असे होत नाही. मायेने काही देण्याआधी समोरच्याला एकदा विचारा. आणि उत्तर "झकास" आले, तर जरा थांबून पुन्हा विचारा.