देवचाराचा चार्जर

हळर्णला भुतं काढणाऱ्या शिवदास घाडीच्या खळ्यात भर दुपारी दोनशे माणसं जमली होती आणि सगळ्यांचे डोळे एका लॅपटॉपवर खिळले होते. सिद्धेशच्या घरी अडखळत, थबकत चालणारा बंदुकीचा गेम इथे घाडीच्या देव्हाऱ्यासमोर सुसाट धावत होता. पडद्यावर मुंडकी उडत होती, घाडी गाऱ्हाणं घालत होता आणि लोक हात जोडत होते.

"बारा गावच्या राखणदारा, ह्या यंत्रात जो कोण देवचार, भूतखेत बसलो हा, तेका भायर काड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"वायफायवरसून इलो आसात, तर वायफायवरसूनच परत धाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

देवकी गुडघ्यांवर होती. दोडामार्गात कॉम्प्युटर शिकवणारी ही मुलगी चार महिन्यांपूर्वी सिद्धेशची बायको होऊन या गावात आली. सिद्धेश गेमच्या स्पर्धा जिंकायचा. लग्नानंतर त्याचा गेम बिघडला आणि घाडीने गुन्हेगार लगेच शोधून काढला, घरात आलेली नवी सून! आता सासू चंद्रावतीने तिचे केस धरले होते, सिद्धेशने हात मागे पिरगळले होते आणि घाडीची छडी तिच्या पाठीवर पाच वेळा उतरली होती. ब्लाउज फाटून रक्त आलं होतं. शेजारी निखाऱ्यात कोयता लाल होत होता.

"यंत्रातलो देवचार हिच्या तळहातार बसलो हा. डाग दिल्याबगर उठूचो नाय," घाडीने जाहीर केलं.

देवकीला रडू आलं नाही, संताप आला. आपला शिकलेला नवरा हात सोडत नाही, हे तिला छडीपेक्षा जास्त लागत होतं. मान खाली दाबलेली असल्यामुळे तिला देव्हाऱ्याखालचं दिसलं. लाल फडक्यात गुंडाळलेला विटेएवढा काळा चार्जर, आणि त्याची वायर थेट लॅपटॉपात. लग्नाच्या आदल्या दिवशी घाडीने 'मंत्रान बांधून ठेवतंय' म्हणून नेल्याचं सिद्धेशने सांगितलेला, तोच हा. बदल्यात त्याने मंतरलेला छोटा पांढरा चार्जर दिला होता. त्याने बॅटरी भरायची, म्हणून कुणाला शंका आली नाही. आता भुतं काढायची दक्षिणा घेणारा हा घाडी पूर्वी म्हापशात लॅपटॉप दुरुस्त करायचा, हे तर गाव विसरूनच गेलं होतं.

घाडीने कोयता उचलला. देवकीने अंग पिळवटून सिद्धेशच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. हात सुटले. सासूच्या मुठीत केसांची बट तशीच ठेवून ती पुढे झेपावली आणि तिने वायर उपटली.

"आता बघा!"

तिने गेम बंद करून पुन्हा लावला. गेम रखडला. सिद्धेशच्या पिशवीतला पांढरा चार्जर जोडला. बॅटरी भरू लागली, गेम मात्र रखडलेलाच. मग काळा चार्जर जोडून पुन्हा गेम लावला. मुंडकी उडू लागली.

ती वर्गात बोलायची तशी बोलू लागली. "या लॅपटॉपात चित्रं काढणाऱ्या दोन चिप आहेत. एक छोटी, थोड्या विजेवर भागवणारी. दुसरी दांडगी, गेमसाठीची. तिला मोठा चार्जर लागतो. हे सेटिंग बघा, 'आपोआप'वर ठेवलंय. वीज कमी पडली की लॅपटॉप दांडगीला झोपवतो आणि सगळं ओझं छोटीवर टाकतो. सेटिंग कुणी बदललं?"

"घाडीनंच," सिद्धेश घाडीकडे बघत म्हणाला. "चार्जर न्हेलो, तेच दिसा."

घाडीने कोयता टाकून छडी उचलली, ती देवकीच्या गालावर बसली. पुढच्या क्षणी सिद्धेश त्याच्या छातीवर होता. त्याच्या मागून सगळं खळं धावलं. 'व्हय म्हाराजा' म्हणणाऱ्यांनीच घाडीचं नाक फोडलं.

"थांबा!" देवकी ओरडली. "तेका मारून तुमी सुटाक बघतास? माझे हात कोणी धरल्ले?"

सिद्धेशची मूठ हवेतच राहिली.

"यंत्र अडला, तर यंत्र उघडून बघा. कळणा नाय, तर कळता तेका इचारा. बायलमनशाक कित्याक मारतास?"

लोक मागे सरकले. हा प्रश्न छडी उचलायच्या आधी विचारायचा असतो. एवढी साधी अक्कल वापरायला ना मंत्र लागतो, ना कौल.

गालावर पदर दाबून देवकी एकटीच पेडणे पोलीस ठाण्यात गेली. तक्रारीत तिने पहिलं नाव शिवदास घाडीचं लिहिलं. दुसरं सिद्धेशचं. तिसरं चंद्रावतीचं.