पेशंटने स्वतः यावे

शिवणकामवालीचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं. पोटातली गाठ वाढायची थांबत नव्हती आणि भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी निराळाच घोर लावला होता. तिची आई याच इस्पितळात भुलीच्या इंजेक्शनने टेबलावरच गेली होती. ही तेव्हा फ्रॉकात होती. असलं वावडं आईकडून लेकीत उतरतं म्हणे.

"कुठलं औषध होतं ते शोधा," बाई म्हणाल्या, "नाहीतर मला अंदाजाने द्यावं लागेल."

म्हणून भर दुपारी ती तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये उतरली. दारावर नवी पाटी होती: 'पेशंटला स्वतःची फाइल विनामूल्य मिळेल. स्वतः यावे.' आत बाकावर ही गर्दी! फुकट ते पौष्टिक, ती मनाशी म्हणाली. पण एवढ्या माणसांत कुणी खोकत नव्हतं. इस्पितळात न खोकणारी माणसं तिने जन्मात पाहिली नव्हती.

"आईची फाइल? ज्याची त्यालाच देतो आम्ही," म्हातारा कारकून म्हणाला.

"अहो काका, आई जाऊन जमाना झाला. ती कुठून येणार?"

"आल्या होत्या की सकाळी." त्याने मानही वर केली नाही. "फी होती तोवर कुणी फिरकत नव्हतं. त्यांच्याकडे कुठले आलेत पैसे? फुकट झाल्यापासून मात्र मला उसंत नाही." त्याने हनुवटीने बाक दाखवला.

तिची पाचावर धारण बसली, आणि भीतीपोटीच ती चिडली. "थट्टा करता? इथे माझ्या जिवाशी गाठ आहे!"

"थट्टेला वेळ कुणाला आहे, बाई? फाइल नेली त्यांनी. एक पान मात्र ठेवून गेल्या. मुलगी येईल म्हणाल्या."

पानाला टाचणी होती, टोक आत दडवलेलं. पोरीला टोचू नये म्हणून आई शिवताना तशीच लावायची. एका औषधाच्या नावाखाली कापडावर आखायच्या निळ्या खडूची रेघ होती. तिला हुंदका आवरेना.

"आणखी काही म्हणाली?"

"तुमचीही फाइल मागत होत्या. म्हटलं, ती तुमची तुम्हीच न्यायची. तशा घाबरल्या बिचाऱ्या. म्हणाल्या, तिला बाकावर तेवढं बसू देऊ नका."

तिने वळून पाहिलं. बाकावरची माणसं सरकली होती. मध्ये एकीपुरती जागा झाली होती.

"बसा ना," कुणीतरी मायेने म्हणालं.

क्षणभर तिला खरंच टेकावंसं वाटलं. पान छातीशी धरून ती जिना चढली, ती थेट डॉक्टरीणबाईंच्या खोलीत.

"बसा," बाई म्हणाल्या.

"नको. आधी वाचा."

बाईंनी वाचलं. मग चष्मा काढून ठेवला.

"हेच देणार होते मी उद्या."

तेव्हा कुठे ती खाली बसली.