महाराजांना दिसलेला माळ

आमदार कुंडलिकआबांचा दिवस सूर्य उगवून सुरू होत नसे. तेजोनाथ महाराज टीव्हीवर उगवले, की तो सुरू होई. सकाळी सात वाजता महाराजांचा कार्यक्रम लागला, की सोलापुरात सात रस्त्याजवळच्या त्यांच्या बंगल्यात मिक्सरसुद्धा बंद. महाराजांनी पिवळा रंग शुभ सांगितला, की आबांचं पिवळं जाकीट कपाटातून बाहेर येई. डावा पाय आधी टाका म्हटलं, की आबा कलेक्टर कचेरीच्या पायरीशी थबकून पाय बदलत, आणि मागून येणारे कार्यकर्तेही बदलत. एकदा महाराज म्हणाले, लक्ष्मी ईशान्येकडून येते. बंगल्याच्या ईशान्येला संडास होता. तो पाडून तिथं आबांची खुर्ची मांडली गेली, आणि तेव्हापासून टँकरची फाईल असो नाहीतर रस्त्याची, मतदारसंघाचं भवितव्य त्या पवित्र जागी बसून ठरू लागलं.

या सगळ्याला पोट धरून हसावं असा एकच माणूस होता, आबांचा पीए बिभीषण. पण त्याला हसता येत नव्हतं. कारण महाराजांना जे जे दिसे, ते त्यानंच आदल्या दिवशी लिहून दिलेलं असे.

व्यवस्था साधी होती. शरणबसव हा अक्कलकोटकडचा गोड बोलणारा गडी महाराजांचं चॅनेल सांभाळत असे. मंगळवारी बिभीषण त्याच्या मोबाईलवर आबांची खबरबात पाठवी: गुडघा कुठला दुखतोय, जावई कशावरून रुसलाय, कुणा कार्यकर्त्यावर संशय आहे. बुधवारी आबा व्हिडिओ कॉलवरून कार्यक्रमात बसत. शरणबसव कॅमेऱ्यामागून ती चिठ्ठी वाचून दाखवी आणि जटेखाली लपवलेल्या यंत्रातून ती महाराजांच्या कानात जाई. महाराज डोळे मिटत. "डाव्या गुडघ्यात… कळ…" आबांच्या डोळ्यांत पाणी. सगळा मतदारसंघ चहाचा कप खाली ठेवून हात जोडी.

बिभीषणला याचा मोबदलाही मिळाला होता. सुरुवातीच्या काळात आबा त्याला काढून भाच्याला पीए करणार होते. तेव्हा महाराज भर कार्यक्रमात म्हणाले, "रावणाच्या घरात एक सज्जन होता. त्याच्या नावाचा माणूस तुमच्यापाशी आहे, त्याला सोडू नका." भाचा त्याच दिवशी एसटीनं परत गेला. मग आपण कोण ठरलो, हा प्रश्न मात्र आबांना पडला नाही. त्याला अकरा वर्षं झाली. जुळे सोलापुरात फ्लॅट झाला, पूनमसारखी शिकलेली बायको मिळाली. कुणाचं काही बिघडत नाही, एवढं बिभीषण स्वतःला सांगत असे, आणि ते त्याला पटतही असे.

मंत्रिमंडळाचा विस्तार जवळ आला आणि आबांना झोप लागेना. त्या बुधवारी महाराजांनी डोळे मिटले ते बराच वेळ उघडलेच नाहीत.

"मला एक माळ दिसतोय," ते म्हणाले. "शंभर वर्षं मेंढरांच्या पायांनी पावन झालेला. बारा महिने वारा. उत्तरेला एकच लिंब. तिथं आमचा आश्रम उभा राहील, त्या दिवशी तुमच्या गाडीवर लाल दिवा."

लाल दिवे बंद होऊन वर्षं लोटली होती, पण योग अजून जुन्याच दिव्याचे येत होते. बिभीषणला मात्र तेही सुचलं नाही. आबांच्या मागं उभ्या उभ्या तो मनात जुन्या चिठ्ठ्या चाळू लागला. हे त्यानं कुठल्याच चिठ्ठीत लिहिलेलं नव्हतं. मग त्याला आठवलं. तीन आठवड्यांपूर्वी शरणबसवबरोबर मटण-भाकरी खाताना, रस्सा अंमळ जास्तच झणझणीत होता म्हणून असेल, तो गावाकडच्या आठवणीत शिरला होता. आमच्या माळासारखी हवा उभ्या जिल्ह्यात नाही, असं त्यानंच सांगितलं होतं. लिंबासकट.

"बिभीषण, अरे हा तर तुझ्याच गावचा माळ!" आबांनी लगेच ओळखलं, कारण असा लिंबाचा माळ सांगोल्याकडं बिभीषणच्या गावी आहे, हे त्यांनी कार्यकर्त्यांना फोन करून पाचच मिनिटांत काढलं. "कपिलाषष्ठीचा योग रे! गायरान सरकारी, गाव तुझं. पंधरा दिवसांत ग्रामसभेचा ठराव आण. बाकी मुंबईचं मी बघतो."

"तिथं मेंढरं चरतात, आबा."

"मेंढरांचं पुण्य लागेल आपल्याला," आबा म्हणाले आणि पिवळं जाकीट घालायला आत गेले.

चार दिवसांनी बिभीषणची आई बाळाबाई थोरल्या मुलाला, भिमाला, घेऊन फ्लॅटवर आली. पूनमनं सोफ्यावर बसवलं, तरी ती खाली फरशीवरच बसली.

"तलाठी माळ मोजून खुना ठोकून गेला," ती म्हणाली. "सव्वाशे मेंढरं कुटं चारायची रं? भिमा म्हनतो, इकून टाकू. बाजारला न्याया जीप सांगून आलाय."

भिमा खाली मान घालून बसला होता. मेंढरांशिवाय त्यानं आयुष्यात दुसरं काही केलं नव्हतं, आणि जीप सांगून आल्यापासून तो जेवलाही नव्हता.

"आबांनाच सांगू की आपन," बाळाबाई म्हणाली. "त्येंचं घर आपल्याला वळखतंय. त्येंच्या बापाची, थोरल्या अण्णाची, शेवटची सभा आपल्याच माळावर झाली हुती. मी नवी नवरी. स्टेज मोडलं आन् अण्णा खाली. खुबा मोडला. तुज्या बानं आन् तिगांनी आपल्या घोंगडीची झोळी करून सडकंपातूर नेला त्येला. ती विलेक्शन गेली, पुन्हा मानूस उबा न्हाय ऱ्हायला."

बिभीषण बघतच राहिला. अण्णांची शेवटची सभा! अकरा वर्षं हे तीन शब्द त्याच्या पाचवीला पुजले होते. ते शब्द कानावर आले तरी आबांचा चेहरा उतरे. कुठल्याही सभेआधी बिभीषणला रिकाम्या स्टेजवर चढून चार उड्या माराव्या लागत, त्याशिवाय आबा पायरीला पाय लावत नसत. आबा तेव्हा पुण्याला शाळेत होते. ती सभा कुठल्या माळावर झाली, हे घरात कुणी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. त्या जागेचं नावच घरात कुणी काढत नसे.

"तुजा सायेब कुनाचं ऐकतो रं?" बाळाबाईनं विचारलं.

"महाराजांचं."

"आन् म्हाराज कुनाचं ऐकतो?"

पूनम त्याच्याकडं बघत होती. तिला सगळं ठाऊक होतं.

मंगळवारी त्यानं चिठ्ठी लिहिली. अकरा वर्षांत एवढी छोटी आणि एवढी खरी चिठ्ठी त्यानं लिहिली नव्हती: 'आबांच्या वडिलांची शेवटची सभा याच माळावर झाली होती. आबांना ती सभा रोज आठवते.' एवढंच. स्टेजचं काही लिहिलं नाही.

शरणबसवचा फोन लगेच आला. "यप्पा! पीए साहेब, सोनं दिलं की हो तुमी! म्हाराज लई खूश."

बुधवारी आबा पिवळं जाकीट घालून मोबाईलपुढं बसले. मागं बिभीषण उभा. महाराजांनी डोळे मिटले, आणि खूश झालेला माणूस जसा हात सैल सोडतो तसे ते सुटले.

"त्या माळावर मला एक थोर पुरुष उभा दिसतोय. उंच मंचावर. हे कुंडलिका, ते तुझे वडील! त्यांची शेवटची सभा याच मातीवर झाली!"

आबांचा चेहरा पांढरा पडला.

"ती माती तुला हाक मारतेय. जिथं बाप उभा राहिला, तिथंच लेक उभा राहणार! त्या मातीनं बापाला जे दिलं, तेच लेकाला देणार… दुप्पट देणार!"

आबांचा हात आपोआप कमरेवर गेला. दुप्पट म्हणजे दोन्ही खुबे. त्यांनी कसेबसे हात जोडले आणि कॉल बंद केला. बिभीषणला वाटलं, आता संपलं. आता आबा म्हणणार, हा माणूस भोंदू आहे. अकरा वर्षांचं सगळं बाहेर येणार, आपली नोकरी जाणार. आणि खरं सांगायचं, तर त्या क्षणी त्याला हलकं वाटलं. जाऊ दे नोकरी, तो मनात म्हणाला.

"बिभीषण," आबा कापऱ्या आवाजात म्हणाले, "कळलं का तुला?"

"काय, आबा?"

"अरे, तू धनगराचा पोर ना? तुमच्या बिरोबाच्या जत्रेत भाकणूक होते. देवाचा माणूस पुढच्या वर्षाचं सांगतो, ते कधी सरळ सांगतो का? पाऊस जाणार असला तर म्हणतो, आभाळ लई भरंल. ऐकणाऱ्यानं उलगडायचं असतं. महाराजांनी आज भाकणूक केली! चारचौघांत 'जाऊ नको' म्हणता येत नाही, म्हणून असं सांगितलं. अण्णा तिथंच पडले होते. मी त्या माळावर पाय ठेवला असता, तर खुर्ची गेलीच होती." त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "साक्षात देव आहे रे, देव!"

आबांनी लगेच महाराजांना फोन लावून आभार मानले. पलीकडं दोन क्षण शांतता होती. अंतर्यामी माणसालासुद्धा एवढा वेळ लागतोच. मग महाराज गंभीर आवाजात म्हणाले, "तू ओळखलंस, कुंडलिका. सगळ्यांना ओळखता येत नाही."

ठरावाचा बेत रद्द झाला. तलाठ्याच्या खुणा भिमानं स्वतः उपटल्या आणि जीपवाल्याला नको म्हणून सांगितलं. शरणबसव दोन दिवस बिभीषणशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला: 'झालं ते झालं. महाराजांचं नाव वाढलं, भक्त दुप्पट झाले. आता दुसरी जागा बघायची, आबा पण तयार आहेत. करमाळ्याकडं एक गायरान आहे म्हणतात. मंगळवारी सगळी माहिती पाठवा. या खेपेला पूर्ण.'

रविवारी बाळाबाई पुन्हा आली. या वेळी तिच्या हातात एक जुनी घोंगडी होती, धुऊन, घडी घालून, वर भंडारा टाकलेला. तिनं ती टीव्हीपुढं ठेवली. महाराजांचा कार्यक्रम पुन्हा दाखवत होते.

"हीच ती घोंगडी," ती म्हणाली. "हिच्यातच अण्णाला नेलता. म्हाराजांच्या पायावर घालायची हाय. तू नेऊन दे."

"आई, अगं महाराजांना काही दिसत नाही. ते…"

"गप!" ती एकदम करवादली. "जिबंला हाड हाय का न्हाय? माळ कुनी वाचिवला? तू? तू एवडा सायबाजवळ, तुज्याच्यानं काय झालं? म्या हितं रडून गेली, तू गप बसलास. त्यो म्हाराज कोन ना कुटला, त्येला डोळं मिटून आमची मेंढरं दिसली."

बिभीषणनं पूनमकडं पाहिलं. पूनम उठून स्वयंपाकघरात गेली. भिमा टीव्हीपुढं हात जोडून बसला होता. बऱ्याच दिवसांनी त्याचा चेहरा सुटलेला होता, आणि तो पाहून बिभीषणच्या तोंडचे शब्द तोंडातच राहिले.

"हात जोड की," बाळाबाई म्हणाली.

त्यानं हात जोडले.

"आन् सायबाला सांग, म्हाराजांचं कायम ऐकत जा म्हनावं. गरिबाचं त्येनंच कल्याण हुईल."

"सांगतो," बिभीषण म्हणाला.

मंगळवारी सकाळी त्यानं करमाळ्याच्या ओळखीच्या माणसाला फोन केला. त्या गायरानावर कुणाची जनावरं चरतात ते विचारलं. तो माणूस हसून म्हणाला, असतील कुणाची तरी. बिभीषणनं ते तसंच चिठ्ठीत लिहिलं.