सात तळ्यांची वाट

मुक्काम तिसरा

तिसराच आधी सांगते. पहिल्यावर आमचं कधी जमलंच नाही.

आमच्या बेतात तिसऱ्या दिवशी सात तळी. देश बल्गेरिया, डोंगराचं नाव रिला, आणि त्यात एकाखाली एक सात निळी तळी. दूध संघाच्या ऑफिसात त्या देशाचं रंगीत मासिक यायचं. कोण मागवायचं, कुणालाच ठाऊक नव्हतं. मी गावातल्या महिला दूध संस्थेची सचिव. संघात कामाला गेले की जुने अंक उचलून आणायची.

संस्थेत दूध घालायला येणाऱ्या गजराबाईनं त्या तळ्यांचा फोटो पाहिला तेव्हा दुष्काळाचा उन्हाळा चालू होता. सकाळी डोक्यावर दुधाची किटली, दुपारी घागर, संध्याकाळी परत किटली.

"एकाच डोंगरात सात? आन् आपल्याकडं पाझर तलाव एक, त्योबी कोरडा!" तिनं फोटोतल्या माणसांवर बोट ठेवलं. "ही काय शोधायलीत?"

"काही नाही. सुट्टी आहे म्हणून चालायला आलेत."

"चालायला?" ती इतकी हसली की रांगेतल्या बाया वळून बघायला लागल्या. मग एकदम थांबली. "डोक्यावर कायबी न्हाय?"

"काही नाही."

"सुमे, आपन बी जाऊ."

मुक्काम पहिला (वाद)

पहिल्या दिवशी मठ. खरोखरचा, डोंगराच्या कुशीतला, नक्षीचा. गजरा लिंगायत. मठ म्हटल्यावर तिचा जेवणाचा प्रश्न मिटला.

"दासोह असंल. पंगतीत बसू, पुढं निघू."

"तो ख्रिस्ती साधूंचा मठ आहे, बाई."

"साधू का असंना. भुकेल्याला वाढत्यालच की."

मी बौद्ध. न विचारता कुणाच्या पंगतीत बसायची मला सवय नव्हती. म्हटलं, "आधी विचारू, मला घेतात का."

गजरा म्हणाली, "न्हाय घेतलं तर आपल्या भाकरी हायत. भायेर बसू दोघी."

"मग मठात मुक्काम कशाला धरायचा?"

यावर आम्ही दोन उन्हाळे भांडलो.

मुक्काम दुसरा

नुसती चढण. इथं बेत असा: उजाडायच्या आत निघायचं, ऊन चढलं की झाडाखाली पडायचं, ऊन कललं की पुन्हा वाट. छत्री घ्यायची. पाण्याची छागळ आळीपाळीनं.

पुढच्या अंकात मी वाचलं की तिथं उन्हाळ्यातही शिखरांवर बर्फ असतो.

"मग छागळ रद्द," गजरा म्हणाली. "बर्फ चोखत जाऊ. छत्री ऱ्हाऊ दे. म्हागाची हाय."

तिची सासू मथुराबाई गोठ्यातून ऐकत असायची. "चालायला इतक्या लांब? हितल्या वाटा काय कुनी उचलून नेल्या?"

"हितल्या वाटंवर तुमी हाका मारताव, आत्या."

मुक्काम नाही

आणि बेत खरा झाला. अर्धाच.

संघानं कळवलं की सहकाराच्या अभ्यासदौऱ्याबरोबर जिल्ह्यातली एक बाई बल्गेरियाला पाठवायची आहे. पण तिच्या घरचं दूध संस्थेत येत असलं पाहिजे. माझ्याकडं म्हैस नव्हती. गजराचं नाव मीच लिहून पाठवलं.

निघायच्या आदल्या दिवशी तिला म्हटलं, "दुग्धशाळा बघ, दही खा, सत्कार घे. पण डोंगरावर पाय ठेवायचा नाही. तो दोघींचा."

"व्हय."

"शपथ?"

"शपथ. म्हशीची."

ती एसटीत बसली. मग मी केंद्रावर दूध मोजत होते आणि मनात एकच चाललं होतं. डोंगरावर पाय ठेवेल का. नाही ठेवणार. ठेवेल.

ती परतली. कपाळ, नाक रापलेलं, ओठ फुटलेले. दुग्धशाळेत कुणाचे ओठ फुटत नाहीत. सकाळच्या रांगेत किटली माझ्यापुढं ठेवून ती उभी राहिली.

"डोंगरावर चालून आलीस?"

"आले."

"शपथ मोडलीस."

"मोडली. एक दिस सुट्टी दिली. बाकीचे बाजारात गेले. म्या दुभाषी पोरीला म्हनलं, तळी कुठं हायत?"

लॅक्टोमीटर दुधात सोडला. आकडा दिसेना.

"माझी आठवण आली?"

"चढताना न्हाय," गजरा म्हणाली. "खोटं कशाला बोलू. लई हलकं वाटत हुतं, सुमे. कुनाचीच आली न्हाय. पोरांची बी."

मागं बाया कुरकुरायला लागल्या. ऊन व्हायलंय, दूध नासंल. मी एकेकीची किटली घेतली, माप घातलं, आणि तिच्याकडं बघितलं नाही. शेवटची बाई गेली तरी ती तिथंच.

"उतरताना आली," ती म्हणाली. "कवा एकदा तुला सांगंन, आसं झालं. त्या पोरीला म्हनलं, घाई कर बाई."

"मग सांग."

"बसून न्हाय सांगता येत."

केंद्राला कुलूप लावलं. गावामागं एक बोडका माळ आहे, तिकडं ती निघाली. मीही. वाटेत भेटलेल्या दोघींनी विचारलं, घागरी कुठं गं तुमच्या? गजरानं हात नुसता हवेत उडवला. त्या वर्षी माळावर गवताची काडी नव्हती, पायाखाली तापलेला मुरूम. ती पुढं, मी दहा पावलं मागं, रागातच.

एका सखल जागी ती थांबली. तिथं नुसती भेगाळलेली माती होती.

"ह्ये पयलं तळं," ती म्हणाली. "थांब, सरळ नगं येऊ. हिकडनं ये, कडंनं. पाय भिजत्याल."

मी पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि कडेकडेनं गेले.