फक्त सकाळी बंद पडणारा कॉम्प्युटर

माझा कॉम्प्युटर फक्त सकाळीच मरायचा. दुपारी तीन-तीन तास अवजड गेम खेळा, हूं नाही की चूं नाही. सकाळी मात्र दहा-बारा मिनिटांत निळा स्क्रीन आणि कारभार आटोपला.

आणि मला नेमकी सकाळच हवी होती. पुण्यातली एक कंपनी नव्या गेममधल्या चुका शोधायला माणसं घेत होती. चाचणी घरूनच, सकाळी आठ ते नऊ, ऑनलाइन त्यांच्या देखत खेळून. पहिल्या खेपेला मी बाराव्या मिनिटाला गायब झालो. तिथल्या बाईंनी पुढचा रविवार दिला आणि हा शेवटचा, असं बजावलंही.

२०२० च्या वादळात आमची दिवेआगरची नारळी-पोफळीची वाडी आडवी झाली, तेव्हा बाबांच्या मदतीला म्हणून आलो, तो अजून इथेच आहे. चौतिशी उलटली. मी किती वाजता चहा पितो हेसुद्धा अख्ख्या गावाला ठाऊक. जीव गुदमरायचा. बाहेर पडायला एकच दार होतं आणि ते रोज सकाळी निळं पडत होतं.

दोष कुणाचा, ते मी कधीच ठरवून टाकलं होतं. शिंपणाच्या पंपाला वीज फक्त सकाळीच मिळते; बाबा सातला तो लावतात, घरातले दिवे मिणमिणतात. "तुमच्या पंपापायी मी इथे सडतोय," मी म्हणालो. पोटातलं पुढचं वाक्यही ओठावर आलं, "मी जाऊच नये असं आहे ना तुमच्या मनात?"

दुसऱ्या दिवसापासून पंप बंद.

कॉम्प्युटर तरीही मेला. मग मी श्रीवर्धनच्या मित्राचा पॉवर सप्लाय लावून पाहिला, पंखे झाडले, विंडोज नव्याने टाकलं. शनिवारपर्यंत डोक्याचा पार भुगा झाला.

रविवारी साडेसहाला चांगलीच थंडी होती. शेवटचा उपाय म्हणून रॅमची पट्टी काढली. तिच्या सोनेरी दातांवर पांढुरका थर दिसला. नखाने खरवडून चिमटीत चोळला तर विरघळला. वास घेतला. खोबरेल! थंडीत थिजून दातांच्या आड येत होतं आणि दुपारी पातळ होऊन वाट देत होतं.

खोबरेल म्हणजे बाबा. खाऱ्या हवेने गंजू नये म्हणून आमच्याकडे कुलपापासून बिजागरीपर्यंत सगळ्याला तेल चोळायचं. मी तणतणत ओटीवर गेलो. "यालाही तेल चोपडलंत?"

बाबा पायरीवर उभे होते. "अरे वरद, मला ती पेटी उघडता तरी येते का?" मग जरा आठवून म्हणाले, "खंडेनवमीला तूच उघडली होतीस, पूजेला मांडताना."

मीच! कोयते, पहार, पंपाचे पाने, सगळं पुसून तेल लावून पाटावर मांडलं होतं. कॉम्प्युटरही माझं हत्यारच, म्हणून हौसेने तोही उघडला, रॅम पुसली. हातात फडकं तेच. ऑक्टोबरच्या उकाड्यात काही जाणवलं नाही. मान खाली गेली.

"आठला आहे ना तुझं? जा," बाबा म्हणाले.

खोडरबराने रॅमचे दात घासले, स्पिरिटने खाच पुसली. आठला बसलो. कॉम्प्युटर तासभर कुरकुरला नाही आणि मी चौदा चुका काढल्या.

"छान खेळलात," बाई म्हणाल्या. "पुण्याला कधी रुजू होता?"

खिडकीतून वाडी दिसत होती. बाबा विहिरीवरून बादली आणून पोफळीच्या रोपांना घालत होते. एक रोप झालं की गुडघ्यावर हात टेकून उभे राहायचे, मग पुढचं. वादळानंतर आम्ही दोघांनी लावलेली दोनशे रोपं. कडेची पिवळी पडली होती.

आठवडाभर हे असंच चाललं असणार. दोष पंपाचा नाही, हे मला सोमवारीच कळलं होतं. बाबांना मी ते सांगितलंच नव्हतं. त्यांनी विचारलंही नव्हतं. मला जाता यावं म्हणून अडुसष्टाव्या वर्षी पाणी वाहत होते आणि मी समजत होतो, हाच माणूस मला धरून ठेवतोय. रडूच आलं.

"हॅलो? पहिल्या तारखेला जमेल?"

कॉम्प्युटर झकास चालला होता. दोष द्यायला आता कुणी उरलं नव्हतं.

"कळवतो," मी म्हणालो.