बाकीच्या ओळी झाकून

घरातली सगळी माणसं एका वेळी एका टेबलाशी बसणं हल्ली किती अवघड झालंय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. एकाची पाळी सकाळची, दुसऱ्याची दुपारची, मुलांना संध्याकाळी कसले ना कसले वर्ग, आणि सुट्टीच्या दिवशी ज्याला त्याला आपली झोप प्यारी. या गोष्टीतल्या मोठ्या सुनेच्या, म्हणजे मोठीच्या सासरी तर घरंच दोन. ती, नवरा, चार वर्षांची लेक आणि सासूबाई एका घरात. धाकटा दीर आणि धाकटी जाऊ दोन गल्ल्या सोडून. सासूबाईंना महिन्यातून एकदा तरी सगळे समोर हवे असत, आणि ते जमवायचं काम आपसूक मोठीच्या गळ्यात पडलं होतं.

त्याला कारणही होतं. मोठी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. कोणाचे डोळे कधी तपासायचे, कोणाचा चष्मा कधी तयार होणार, हे सगळं तिच्या वहीत, आणि वहीपेक्षा जास्त तिच्या डोक्यात. घरचे तिला 'घड्याळ' म्हणत. धाकटी दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात होती. मेणात एकेक दात बसवायचं तिचं काम, श्वास रोखून करायचं. सासूबाई आल्यागेल्याला सांगत, "एक सून डोळे लावते, एक दात. माझ्या म्हातारपणाची काळजी मिटली." त्यांची स्वतःची कवळीही धाकटीच्याच हातची होती.

तर या घड्याळाला एक दिवस कोणीतरी 'जमवा' नावाचं ॲप दाखवलं. सगळ्यांच्या वेळा त्यात टाकायच्या, मग सगळे मोकळे कधी ते ॲपच शोधणार आणि निमंत्रणही तेच पाठवणार. मोठी हरखून गेली. ॲपनं विचारलं, फोनमधली सगळी नावं घेऊ का? घे बाबा. मग अटींचं लांबलचक पान आलं. ते तिनं दोन बोटांनी वर सारलं आणि खालच्या चौकटीत खूण केली. तुम्ही-आम्हीही तेच करतो.

प्रत्येक नावाशेजारी एक गोल होता. वाढदिवस, कामाचं ठिकाण, तब्येत, घरात येऊ घातलेले प्रसंग, असं जसजसं भरावं तसतसा तो गोल भरत जायचा, आणि पूर्ण झाला की हिरवा होऊन टुणकन उडी मारायचा. लेकीला भारी गंमत वाटायची. मोठीला तर अर्धवट फॉर्म दिसला की मुळातच चैन पडत नसे. एका हातानं लेकीला भरवावं, दुसऱ्या हातानं गोल हिरवे करावेत, असं आठवडाभर चाललं. काकांचा रक्तदाब गेला, मामेबहिणीचा मोडलेला संसार गेला. धाकटीच्या नावापुढे कारखान्याचं नाव गेलं, आणि 'येऊ घातलेले प्रसंग' या रकान्यात एक तारीख गेली.

ती बाळंतपणाची तारीख धाकटीनं एकट्या मोठीला सांगितली होती. अजून आईंनाही बोललेली नाही, तीन महिने होऊ देत, तोवर कोणाला सांगू नकोस, असं म्हणाली होती. मोठीनं कोणाला सांगितलं नाही. नुसती लिहून ठेवली. दवाखान्यात सोबत जायचं होतं, वेळ चुकायला नको, म्हणून.

चौथ्या महिन्यात ते बाळ गेलं.

घरच्यांना तेवढं कळलं. कारखान्यात धाकटीनं तापाची रजा टाकली आणि आठ दिवसांनी पुन्हा मेणात दात बसवायला लागली. त्या आठवड्यात मोठीनं आठवणीनं ॲप उघडलं, 'काढून टाका'वर बोट ठेवलं, आणि तारीख गेली. म्हणजे मोठीला दिसेनाशी झाली.

पाच महिन्यांनी एका बुधवारी सकाळी, दुकानात ती चष्म्यांच्या काड्या पुसत असताना फोन खणखणू लागला. काकूंचा निरोप होता, 'अभिनंदन! मुलगा की मुलगी?' मोठीला काही उमजेना. मग जुन्या शेजारणीचा, मग मामेबहिणीचा. तिनं ॲप उघडलं. वर रंगीत फुगे उडत होते आणि खाली धाकटीच्या नावासह लिहिलं होतं, 'आज मोठा दिवस! नव्या बाळाला भेटायला कधी जाताय? सोयीची वेळ निवडा.' निमंत्रण मोठीच्या नावानं गेलं होतं, एक्केचाळीस जणांना. लोक भराभर वेळा निवडत होते. गुरुवारी पाच वाजता चौघं, शनिवारी अकराला सहा. दोन वर्षं धडपडून जे मोठीला जमलं नव्हतं, ते आज जमत होतं. सगळ्यांच्या वेळा जुळत होत्या.

आणि त्या एक्केचाळीस जणांत कारखान्याच्या प्रमुख बाई होत्या. सासूबाईंच्या कवळीच्या वेळी त्यांचा नंबर मोठीच्या फोनमध्ये आला होता. एकाच कारखान्याचं नाव दोघींपुढे दिसलं, ॲपनं हिशोब जुळवला. धाकटीनं ते ॲप आयुष्यात कधी घेतलं नव्हतं. तरी तिचा नंबर होता, म्हणून तिलाही निमंत्रण गेलं होतं. तिच्याच बाळाला भेटायला यायचं.

अर्ध्या तासानं दिराचा फोन आला. बाईंनी कामाच्या खोलीत सगळ्यांदेखत टाळ्या वाजवून धाकटीचं अभिनंदन केलं होतं, आणि मग त्यांची नजर तिच्या पोटाकडे गेली होती. धाकटी हातातला साचा तिथेच ठेवून चालत घरी आली होती. दीर चिडला नव्हता. "वहिनी, हे तुझ्याकडून गेलंय का?" एवढंच त्यानं विचारलं, आणि ते 'हो' म्हणताना मोठीला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

तिला काही सुचेना. मग घड्याळाला सुचतं तेच सुचलं, झटपट निस्तरायचं. ती त्याच एक्केचाळीस जणांना लिहायला लागली, 'माफ करा, चूक झाली. धाकटीचं बाळ चौथ्या महिन्यातच गेलं होतं, त्यामुळे कृपया कोणीही...'

"काय लिहितेस?"

दुकानाचे मालक समोर उभे होते. चाळीस वर्षं भिंगं घासत आलेला हा माणूस. सगळा बाजार त्यांना भिंगमास्तर म्हणे. मोठीनं फोन त्यांच्यापुढे धरला आणि घडलं ते सगळं रडत रडत सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ते अर्धवट वाक्य वाचलं.

"हे तिला विचारून लिहितेस?"

मोठीनं नकारार्थी मान हलवली.

"सकाळी एक गोष्ट वाटलीस, आता राहिलेली वाटायला निघालीस?"

फोन मोठीच्या हातातून काउंटरवर पडला. भिंगमास्तरांनी तो उचलला नाही. त्यांनी दुकानाची वही ओढली आणि वहीवरची पुठ्ठ्याची पट्टी. ही पट्टी मोठीच्या रोजच्या हातातली. पुठ्ठ्यात बरोबर एका ओळीएवढी खाच कापलेली. गिऱ्हाईक सही करायला आलं की पट्टी वहीवर ठेवायची, म्हणजे त्याला त्याची ओळ दिसते, बाकीच्या झाकलेल्या राहतात. सात वर्षं मोठी ती न चुकता ठेवत आली होती.

"ही कशासाठी ठेवतेस?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्ही सांगितलं होतंत म्हणून."

"बरोबर. का ते मी कधी सांगितलं नाही, ती माझी चूक." आणि मग त्यांनी सांगितलं. दुकान नवं होतं तेव्हा पट्टी नव्हती. एक बाई सही करायला आल्या आणि वरची ओळ सहज वाचून गेल्या. वरच्या ओळीत त्यांच्याच गल्लीतला एक तरुण होता, ज्याची नजर हळूहळू जाणार होती. त्यानं घरीही सांगितलं नव्हतं. दोन दिवसांत गल्ली त्याचा हात धरून त्याला रस्ता ओलांडून द्यायला लागली. सगळे प्रेमानंच करत होते.

"त्याची नजर अजून पाच वर्षं टिकली असती," मास्तर म्हणाले. "गल्लीनं त्याला त्याच आठवड्यात आंधळं केलं. त्या बाई वाईट नव्हत्या. वही उघडी मी ठेवली होती."

मोठीनं लिहिलेलं पुसलं. दुकानातून निघाली ती थेट धाकटीच्या दारात.

धाकटी खिडकीशी बसली होती, नखांत अजून गुलाबी मेण. एरवी अगं-तुगं करणारी, येता-जाता टपली मारणारी मुलगी; आज तिनं पाण्याचा पेला भरून समोर ठेवला, पाहुण्याला ठेवावा तसा. मोठी सांगत सुटली. ॲपनं आपल्याला फसवलं, आपण तारीख पुसली होती, त्यांनी ती आत ठेवूनच दिली, कंपनीवर तक्रार करायला हवी. धाकटीनं सगळं ऐकून घेतलं.

"कंपनीला मी ओळखत नाही, वहिनी," ती म्हणाली. "मी तुम्हाला सांगितलं होतं."

पाण्याला हात न लावता मोठी उठली.

घरी येऊन तिनं पहिल्यांदा ते अटींचं पान उघडलं. लेक मांडीवर बसून विचारत होती, आज गोल हिरवे करायचे नाहीत का? मोठीनं तिच्या डोक्यावर हनुवटी टेकून ओळ न् ओळ वाचली. 'काढून टाका' म्हटलेली माहिती फक्त वापरणाऱ्याच्या पडद्यावरून जाते, सेवा सुधारण्यासाठी कंपनी ती ठेवते, असं तिथे साळसूदपणे लिहिलं होतं. तिचा संताप झाला. पण त्याच्या खाली आणखी एक ओळ होती. 'ज्या व्यक्तींची माहिती आपण देत आहात, त्यांची परवानगी आपण घेतली आहे, असे आपण जाहीर करता.' आणि शेजारी खूण. तिची स्वतःची.

मोठीनं मोजलं. फोनमध्ये दोनशे सोळा नावं होती. विचारलं होतं किती जणांना? एकालाही नाही! कंपनी लबाड होतीच. पण दार आतून उघडून दिलं होतं मोठीनं, आणि तेही दुसऱ्यांच्या घरांचं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा धाकटीकडे गेली. या वेळी कारणं नेली नाहीत. धाकटीबद्दल त्या ॲपला जे जे दिलं होतं, ते सगळं कागदावर उतरवून नेलं आणि तिच्यासमोर मोठ्यानं वाचलं. जन्मतारीख, पत्ता, कारखाना, दवाखान्याच्या वेळा, ती तारीख. मग विचारलं, "त्या लोकांना मी काय सांगू? तू सांगशील तेवढंच सांगेन."

धाकटी म्हणाली, की निरोप चुकीचा होता, माझ्याविषयी कोणी काही विचारू नये, बस. बाईंना काय सांगायचं ते मी बघेन.

मोठीनं उरलेल्या एकोणचाळीस जणांना फोन केले. लिहून पाठवणं सोपं होतं, म्हणून मुद्दाम बोलली. काकूंनी खोदून खोदून विचारलं, चूक म्हणजे कसली, मग बाळ आहे की नाही? मोठी म्हणाली, काकू, ते सांगायचा हक्क माझा नाही. काकू रुसल्या, तिनं रुसू दिलं. कंपनीला तिनं लेखी कळवलं की दिलेली सगळी माहिती मुळापासून नष्ट करा आणि केल्याचं कळवा. पहिलं उत्तर गोड आणि पोकळ आलं, तिनं पुन्हा लिहिलं. चौथ्या पत्राला खरं उत्तर आलं. मग मामेबहिणीला, काकांना, एकेकाला गाठून तिनं सांगितलं, तुमचं अमुक अमुक मी देऊन बसले होते, आता काढून घेतलंय. काका हसले आणि म्हणाले, माझा रक्तदाब कोण चोरणार? मामेबहीण मात्र हसली नाही. प्रत्येक वेळी मान खाली घालून ऐकून घ्यावं लागलं. त्या मानेची तिला हळूहळू सवय झाली, पण शरमेची झाली नाही, आणि होऊ नये असंच तिला वाटलं.

सासूबाईंच्या टेबलाभोवती दोन महिने धाकटीची खुर्ची रिकामी राहिली. मोठीनं एकदाही 'कधी येतेस' म्हणून विचारलं नाही.

मग एका दुपारी दुकानाचं दार उघडलं आणि धाकटी आत आली. बारीक कामानं डोळे दुखतात, तपासून घ्यायचे होते. मोठीनं वही उघडली, वर पट्टी ठेवली. नाव लिहिलं आणि पेन थांबवलं. वहीत पुढचा रकाना होता, 'तक्रार'. धाकटीची तक्रार तिला ठाऊक होती. तरी तिनं विचारलं,

"इथे काय लिहू?"

धाकटीनं त्या खाचेतून दिसणाऱ्या आपल्या एका ओळीकडे पाहिलं. वरच्या-खालच्या सगळ्या ओळी झाकलेल्या होत्या.

"वेळ लिही नुसती," ती म्हणाली. "बाकीचं मी डॉक्टरांना सांगेन." सही करून तिनं पेन खाली ठेवलं आणि पुठ्ठ्याच्या त्या मळक्या पट्टीवरून बोट फिरवलं. "ही घरी न्यायला हवी होतीस गं."

"हो," मोठी म्हणाली.

त्या रविवारी धाकटी जेवायला आली. वेळ तिनं स्वतः फोन करून कळवली.

वाचकहो, आपल्या खिशातल्या फोनमध्ये आपण एकटे राहत नाही. आपल्यावर भरवसा ठेवून काही सांगून गेलेली माणसं तिथे राहतात, त्यांची दुखणी, त्यांच्या तारखा, त्यांनी अजून कोणालाच न सांगितलेल्या गोष्टी. माहिती मागणाऱ्यांना जाब विचारायलाच हवा, कायद्यानं, पत्रानं, पुन्हा पुन्हा. पण देणाऱ्या बोटानंही क्षणभर थांबायला हवं. दुसऱ्याची गोष्ट आपल्याजवळ ठेवायला दिलेली असते. ती आपली होत नाही. म्हणून पुढच्या खेपेला ती चौकट समोर आली, की खूण करण्याआधी ज्याचं आहे त्याला एकदा विचारा. आणि विचारणं जमणार नसेल, तर तो गोल अर्धा राहू द्या.